बडोद्यातली मराठी-गुजराती स्मरणिका: डिझायनरचे कोणते आग्रह धरावेत, कोणते सोडावेत?

सुरसागर_काठ

मंडळी, गणपती दोन महिन्यांवर आले की दांडिया बाजारापासून मांडवीपर्यंत एकच काम सुरू होतं, मंडळाची स्मरणिका. ए५ आकार, आत ३२ पानं, वर जाड मुखपृष्ठ, मध्ये सेंटर पिन. अर्धा मजकूर मराठी, अर्धा गुजराती, अधूनमधून जाहिराती. ही करणारे लोक दोन वाटांनी येतात. काही फाइन आर्ट्सच्या अप्लाइड आर्टमधून आलेले, काही थेट छापखान्यात कोरलवर (कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरवर) बसून शिकलेले. दोघांचे आग्रह वेगळे, आणि दोघेही आपापल्या आग्रहाचं कारण क्वचितच सांगतात. 'अक्षर ताणू नका', 'कर्व्ह करून पाठवा', 'काळा फक्त के', 'सगळं मधोमध घ्या', 'जागा रिकामी सोडू नका' हे ऐकून ऐकून पाठ होतं, पण त्यातलं काय मोडलं तर छपाई बिघडते आणि काय केवळ सवय आहे, हे नव्या मुलांना कळत नाही.

म्हणून हा धागा. एकेक आग्रह घ्या आणि तो मोडल्यावर कागदावर नेमकं काय होतं ते लिहा. उदाहरण सगळ्यांनी हेच धरू या: ए५, ३२ पानं, आत १०० जीएसएमचा (चौरस मीटरला ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा कागद, मुखपृष्ठ २५० जीएसएमचं गुळगुळीत लेपाचं आर्ट कार्ड.

सुरुवात मीच करतो. अक्षरांतलं अंतर वाढवायची सवय देवनागरीत मोडलीच पाहिजे. इंग्रजी मथळा मोकळा केला तर शोभतो. देवनागरीत ट्रॅकिंग वाढवलं की शिरोरेखेत फटी पडतात आणि शब्द सुटा होतो. गुजरातीला शिरोरेखा नाही म्हणून तिथे हे थोडं चालून जातं, आणि तीच स्टाइल मराठी मथळ्याला लावली की घोटाळा. मजकूर दोन्ही कडांना जुळवताना सुद्धा हेच. जस्टिफिकेशनच्या सेटिंगमध्ये लेटर स्पेसिंगचे तिन्ही आकडे ० ठेवा आणि ताण सगळा शब्दांमधल्या जागेवर येऊ द्या. ए५ च्या पानावर दोन स्तंभ असतील तर जस्टिफाय करूच नका. एका ओळीत तीन-चारच मराठी शब्द बसतात आणि मध्ये पांढऱ्या फटींच्या नद्या वाहू लागतात.

जोडाक्षर

चांगला धागा. माझे आग्रह मजकुराबद्दलचे आहेत, कारण स्मरणिकेतल्या निम्म्या चुका डिझाइनच्या नसतात, टंकलेखनाच्या असतात.

पहिला आग्रह: काम सुरू करण्याआधी सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणा. मंडळाकडून मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजीत येतो, गुजराती एलएमजी-अरुण किंवा टेराफाँट-वरुणमध्ये. या जुन्या फाँटांत संगणकाच्या लेखी अक्षरं रोमनच असतात, फक्त चित्र देवनागरीचं किंवा गुजरातीचं. फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. रूपांतर केल्यावर ठरावीक जागा तपासाव्याच लागतात: शब्दाच्या सुरुवातीला एकटी पडलेली पहिली वेलांटी, एका अक्षरावर दोनदा आलेली मात्रा, रफार चुकीच्या अक्षरावर सरकलेला.

दुसरा: ऱ्य. 'आचार्यांचे आभार' आणि 'आचाऱ्यांचे आभार' यात मंडळाने नक्की कोणाचे आभार मानले हे ठरतं. हा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एकात साध्या र ला हलंत देऊन पुढे एक न दिसणारा जोडक असतो. दुसऱ्यात नुक्त्याचा ऱ, म्हणजे युनिकोड ०९३१, आणि हलंत. पहिल्या प्रकारातला तो अदृश्य जोडक एका प्रोग्रामातून दुसऱ्यात चिकटवताना गळतो आणि ऱ्य चा सरळ र्य होतो. दुसरा प्रकार टिकतो. म्हणून आल्या आल्या सगळीकडे ०९३१ करून टाका.

ॲ चंही तसंच. तो २००८ पासून युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर आहे, ०९७२. तरी अजून अ वर अर्धचंद्र देऊन लिहिलेला मजकूर येतो आणि काही फाँटांत तिथे ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. 'दुःख' मध्ये विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाकलेला असतो आणि ओळ नेमकी तिथे तुटते. '॥ श्री ॥' मधले दंड हे कळफलकावरच्या उभ्या रेषा नव्हेत, ०९६५ हे वेगळं चिन्ह आहे. उभ्या रेषा शिरोरेखेच्या वर आणि अक्षराच्या खाली लोंबतात, लगेच ओळखू येतात.

तिसरा आग्रह ल चा. बाजारात मिळणारे बरेच देवनागरी फाँट हिंदी वळणाचे आहेत. त्यांच्या ल ला उजवीकडे पूर्ण उभी दांडी असते. मराठी वळणाचा ल दोन पाकळ्यांचा. श चं डोकंही निराळं. नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटात दोन्ही रूपं आहेत, पण मजकुराची भाषा 'मराठी' निवडल्याशिवाय मराठी रूप येत नाही. इनडिझाइनमध्ये कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा निवडता येते, वेबवर पानाच्या लँग गुणधर्मात 'एमआर' द्यावं लागतं. जिथे भाषा निवडायची सोय नाही तिथे मुळातच मराठी वळणाचा फाँट घ्या. टिरो देवनागरीत हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फाँट आहेत, त्यातला मराठी उचलला की काम झालं.

मांडवीकर

जोडाक्षर, फोटोशॉपमध्ये शब्दात पहिली वेलांटी असली की ती उलट्या बाजूला जाते, 'शिव' लिहिलं की वेलांटी श च्या मागे पडते, याचं काय करायचं?

जोडाक्षर

तिथे फाँट दोषी नसतो, मजकूर मांडणारं इंजिन दोषी असतं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा, त्याहून जुन्या आवृत्तीत त्याचं नाव 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' होतं. इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्याच प्रेफरन्सेसमध्ये 'शो इंडिक ऑप्शन्स'. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर', आणि तो स्टाइलमध्येच नोंदवून ठेवा, नाहीतर प्रत्येक नव्या चौकटीत पुन्हा बदलावा लागतो. कोरलमध्ये एक्स६ पासून युनिकोड देवनागरी सरळ बसते. त्याआधीच्या आवृत्तीवर हट्टाने काम करणारे अजून आहेत, त्यांना जुने फाँट सोडता येत नाहीत, यामागचं कारण हे.

आणि एक विनंती. स्मरणिकेचा चालू मजकूर फोटोशॉपमध्ये लावू नका. तो पिक्सेल होऊन छापखान्यात जातो आणि लहान अक्षरांच्या कडा दातेरी येतात.

चार_शाया

आता छपाईकडचं.

'काळा फक्त के', म्हणजे काळ्यासाठी चार शायांपैकी (सी निळी, एम किरमिजी, वाय पिवळी, के काळी) फक्त काळी, हा आग्रह शंभर टक्के धरा, पण मजकुरापुरता. आरजीबी फाइलमधला काळा ॲडोबीच्या नेहमीच्या स्वॉप प्रोफाइलने सीएमवायकेत नेला की सी ७५, एम ६८, वाय ६७, के ९० होतो. बेरीज ३००. म्हणजे आठ-नऊ पॉइंटाच्या अक्षरावर चार शाया एकावर एक बसवायच्या. त्या केसभर जरी सरकल्या तरी अक्षराला रंगीत सावली येते. देवनागरीत हे रोमनपेक्षा जास्त डोळ्यात भरतं, कारण शिरोरेखा ही ओळभर लांब आडवी रेघ आहे. नोंदणी (शाया नेमक्या एकावर एक बसणं) वरखाली सरकली की पूर्ण ओळीवर दुसरी रेघ दिसते. वर्डमधून आणलेल्या मजकुरात हा चौरंगी काळा हमखास असतो. सगळा निवडून के १०० करा.

मुखपृष्ठाच्या मोठ्या काळ्या पट्ट्याला मात्र नुसता के १०० पुरत नाही, तो राखाडी, विटका येतो. आर्ट कार्डवर सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० घ्या, बेरीज २४०. 'रजिस्ट्रेशन' नावाचा स्वॉच कधीही रंग म्हणून वापरू नका. त्यात चारही शाया १०० आहेत, बेरीज ४००. शाई वाळत नाही आणि थप्पीतल्या वरच्या कागदाच्या पाठीला लागते.

कुंकवाचा लाल म्हणजे एम १००, वाय १००. केशरी एम ६०, वाय १००. पडद्यावरचा झळझळीत केशरी कागदावर येत नाही, मॅपलिथोवर तर आणखी मंद, कारण शाई कागदात शिरते आणि ठिपका फुगतो. मंडळाच्या अध्यक्षांना हे आधी सांगून ठेवा, मोबाइलवर पाहून मंजुरी घेऊ नका. लाल, केशरी अक्षरं दोन शायांची असतात, म्हणून १० पॉइंटाखाली ती नकोत. गडद पट्टीवर पांढरी अक्षरं असतील तर ९ पॉइंटाच्या खाली जाऊ नका आणि बारीक वजनाचा फाँट घेऊ नका. चारही बाजूंनी शाई आत सरकते, आधी अनुस्वार बुजतात, मग क्ष आणि ज्ञ च्या पोटातल्या फटी.

सगळ्यात महागात पडणारी चूक: पांढऱ्यावर ओव्हरप्रिंट. काळ्या अक्षराला ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता त्यावरच छापायची खूण, लावलेलं असतं, ते बरोबरच. मग कोणीतरी तेच अक्षर पांढरं करतो, खूण तशीच राहते. पडद्यावर पांढरं दिसतं, प्लेटवर अक्षर नसतंच. ॲक्रोबॅटमध्ये 'आउटपुट प्रीव्ह्यू' उघडून 'सिम्युलेट ओव्हरप्रिंटिंग' चालू करा आणि ३२ पानं फिरवा. पाच मिनिटांचं काम आहे. तिथेच एकेक शाई बंद करून बघा, मजकुराच्या पानावर के बंद केला की सगळा मजकूर नाहीसा व्हायला हवा. मागे काही उरलं तर तो चौरंगी काळा.

मांडवीकर

आणि कर्व्हचं? छापखान्यातले भाई कर्व्ह केल्याशिवाय फाइल उघडतच नाहीत.

चार_शाया

त्यांचं कारण खरं आहे. त्यांच्या मशीनवर तुमचा फाँट नसतो आणि कोरल दुसरा बसवतं. कर्व्ह केलं की अक्षर हे चित्र होतं, बदलत नाही. पण देवनागरीत एक खड्डा आहे. शेजारशेजारच्या अक्षरांच्या शिरोरेखा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात, म्हणूनच रेघ अखंड दिसते. कर्व्ह केल्यावर कोणी 'कंबाइन' केलं की त्या चढलेल्या जागा भोकं होतात. प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर पांढरा ठिपका. 'वेल्ड' करा, म्हणजे आकार खरोखर एक होतात. रेडियम कटिंगला (स्टिकरमधून अक्षरं कापायला) पाठवताना तर वेल्ड हवंच. प्लॉटर प्रत्येक आकाराची कडा कापत जातो आणि शिरोरेखेचे तुकडे सुटतात. अक्षराला बाहेरून जाड रेघ द्यायची असेल तरी आधी वेल्ड, मग रेघ, नाहीतर सांधे दिसतात.

जोडाक्षर

इथे माझं मत वेगळं आहे. मुखपृष्ठाचा मथळा, बोधचिन्ह, जाहिरातीतलं नाव यांना कर्व्ह ठीक. आतल्या ३२ पानांच्या मजकुराला नको. पीडीएफमध्ये फाँट समाविष्ट करता येतो, पीडीएफ/एक्स-१ए निवडलं तर तो समाविष्ट असावाच लागतो आणि रंगही सीएमवायके किंवा स्पॉट (वेगळ्या तयार शाईचे) असेच राहतात. छापखान्याला फाँटची गरजच उरत नाही. कर्व्हमुळे शेवटच्या क्षणी देणगीदाराच्या नावातली वेलांटी सुधारायची तर पूर्ण ओळ पुन्हा लावावी लागते. शिवाय मजकूर शोधता येत नाही, म्हणून पुढच्या वर्षी तीच नावं पुन्हा टंकावी लागतात.

चार_शाया

पीडीएफ थेट सीटीपीला, म्हणजे संगणकावरून सरळ प्लेट बनवायला, जात असेल तर मान्य. पण बऱ्याच ठिकाणी ऑपरेटर ती पीडीएफ परत कोरलमध्ये आयात करून पानं जुळवतो, आणि आयात होताना मजकूर 'टेक्स्ट' म्हणून घेतला की जोडाक्षरं फुटतात. आयातीच्या चौकटीत 'कर्व्ह्ज' हा पर्याय निवडला तर फुटत नाहीत. तेव्हा फाइल देण्याआधी एकच प्रश्न विचारा: पानं कशात जुळवणार? उत्तर कोरल असेल तर कर्व्ह केलेली वेगळी प्रत द्या आणि मूळ फाइल स्वतःकडे ठेवा.

जोडाक्षर

हे पटलं. दोन प्रती, आणि नावात तारीख.

रावपुरा_रविवार

गुजराती आणि मराठी एका पानावर बसवण्याबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि बडोद्यात तेच सगळ्यात अवघड. दोन्ही लिपी एकाच कुळातल्या, त्यामुळे 'दोन्ही ११ पॉइंट' असा सरधोपट हिशेब केला जातो. पण शिरोरेखेमुळे मराठीचा परिच्छेद आडव्या पट्ट्यांसारखा दिसतो, गुजरातीचा सुटा आणि हलका. एकाच लिडिंगमध्ये (ओळींच्या अंतरात) मराठी दाटलेली वाटते आणि गुजराती विस्कटलेली.

माझा आग्रह असा की जोडी एकाच घराण्यातली घ्यावी. मुक्ता देवनागरीचा, त्याचा गुजराती भाऊ मुक्ता वाणी. बलूचा गुजराती अवतार बलू भाई. हिंदचा गुजराती फाँट तर आपल्या गावाच्याच नावाचा आहे, हिंद वडोदरा. तिन्ही घराणी खुल्या परवान्याची, छपाईला मोफत. एका घराण्यात रेघांची जाडी जुळवलेली असते, हाताने जुळवताना तीच जमत नाही.

घराणं वेगळं असेल तर अशी चाचणी करा. दोन्ही लिपींत 'कमळ' शब्द ७२ पॉइंटात शेजारी लिहा. शिरोरेखेवर एक गाइड आणि अक्षराच्या तळाशी दुसरी. गुजराती अक्षराचं डोकं शिरोरेखेच्या आसपास येईपर्यंत गुजरातीचा आकार टक्क्या-टक्क्याने बदला. जो टक्का निघेल तो स्टाइलमध्ये लिहून ठेवा. मग दोन्हींचे परिच्छेद छापून हातभर लांबून बघा, डोळे किलकिले करून. एक काळा आणि एक करडा दिसला तर वजन बदला, आकार नाही. बनावट बोल्ड लावून वजन वाढवू नका, बाहेरून रेघ चढते आणि अक्षरांची पोटं भरतात.

लिडिंग १०.५ पॉइंटाला १५.५ ते १६ पॉइंट. वरच्या ओळीचा 'कू' आणि खालच्या ओळीचा 'र्कै' यांना भेटू द्यायचं नाही एवढाच त्याचा निकष. दोन्ही लिपींना एकच बेसलाइन ग्रिड, म्हणजे समोरासमोरच्या पानांवर ओळी एका रेषेत येतात. मराठी डावीकडच्या पानावर, गुजराती उजवीकडच्या, हे एकाआड एक परिच्छेदांपेक्षा कितीतरी वाचनीय. ज्याला जे वाचायचं तो त्याच बाजूला राहतो.

अंक नक्की तपासा. २, ३, ४ हे दोन्ही लिपींत जवळजवळ सारखे दिसतात, त्यामुळे मराठी मजकुरात गुजराती अंक घुसले तर मुद्रितशोधकाच्या नजरेतून सुटतात. गुजराती पाच मात्र देवनागरी प सारखा, मग देणगीच्या आकड्यात प छापल्यासारखं वाटतं. इनडिझाइनच्या ग्रेप शोधात (नमुना देऊन करायच्या शोधात) गुजराती पट्टा, ०ए८० ते ०एएफएफ, मराठी स्टाइलच्या परिच्छेदांत शोधा. गुजराती स्टाइलमध्ये उलट, ०९०० ते ०९७एफ. तिथे पूर्णविरामाचे दंड सापडतील ते राहू द्या, दंड दोन्ही लिपींचे एकच आहेत.

आणि गावाचं नाव. मराठीत बडोदे की बडोदा की वडोदरा, हे पहिल्या दिवशी ठरवून एका कागदावर लिहा. तिन्ही रूपं एकाच अंकात आली की काळजी न घेतल्याचं दिसतं.

घडी_आणि_पिन

कागदाचं मी सांगतो. आतली ३२ पानं १८ × २५ इंची कागदावर नेमकी बसतात. एका बाजूला ए५ ची ८ पानं, दोन्ही बाजू मिळून १६, म्हणजे दोन कागदांत पुस्तक. हिशेब: पाठीशी जोडलेली दोन पानं २९६ मिमी, दोन्हीकडे ३ मिमी ब्लीड (कटिंगमध्ये जाणारी जादा छापील कड) धरून ३०२. अशा दोन जोड्या ६०४, कागद ६३५. उंचीत २१६ च्या दुप्पट ४३२, कागद ४५७. उरलेल्या २५ मिमीत ग्रिपर (मशीन कागद धरतं ती कड) आणि खुणा. ब्लीड ५ मिमी घेतलं तर उंची ४४० होते आणि ग्रिपरची जागा आखडते, म्हणून इथे ३ च.

कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, पाठीच्या कण्याला समांतर हवा. २५ × ३६ चा कागद घ्या, ज्याचा ग्रेन ३६ च्या दिशेने आहे. तो अर्धा कापला की १८ च्या बाजूला ग्रेन येतो आणि पाठ त्याच दिशेने पडते. आडवा ग्रेन पडला तर पुस्तक मिटत नाही, तोंड उघडं राहतं. ग्रेन कळत नसेल तर कागदाच्या दोन पट्ट्या दोन दिशांनी कापून टोकाला धरा. जी जास्त लोंबते तिचा ग्रेन आडवा. मुखपृष्ठाच्या २५० जीएसएमला घडीआधी क्रीझिंग (घडीच्या जागी दाबून पाडलेली रेघ) लागतंच. नाहीतर गडद रंग पाठीवर तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. लॅमिनेशन असलं तरी क्रीझ करा.

सेंटर पिनमध्ये आठ घड्या एकात एक बसतात, म्हणून मधली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये जास्त कापली जातात. १०० जीएसएमला मधल्या पानावर हे सुमारे १ मिमी. पान क्रमांक कडेपासून ५ मिमीवर ठेवला तर पहिल्या आणि मधल्या पानात फरक डोळ्याला दिसतो. ८ ते १० मिमी आत घ्या. पानांभोवतीची बारीक चौकट मंडळांना फार आवडते, पण कडेपासून ३ मिमीवरची चौकट कधीच सारखी कापली जात नाही. चौकट हवीच असेल तर ८ मिमी आत.

एक जाहिरात रद्द झाली म्हणून पान कमी करता येत नाही, पानं चारच्या पटीतच. ऐन वेळी भरायला अर्ध्या पानाच्या दोन चौकटी, आरती किंवा कार्यक्रमपत्रिका, तयार ठेवा.

सुरसागर_काठ

घडी_आणि_पिन, हा ग्रिपरचा हिशेब जपून ठेवतो. जाहिरातींसाठी लोक फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात, त्याचा काय नियम धरावा?

चार_शाया

'फोटो' म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. एचडी न निवडता फोटो म्हणून आलेलं चित्र साधारण १६०० पिक्सेलपर्यंत आकुंचित होतं. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) त्याची लांब बाजू साडेपाच इंचही भरत नाही, आणि ए५ ची उंची सव्वाआठ इंच आहे. अर्ध्या पानाच्या जाहिरातीत, ५.८ इंच रुंदीला, ते २७५ च्या आसपास येतं. मॅपलिथोवर १३३ लाइनचा स्क्रीन (इंचाला ठिपक्यांच्या १३३ ओळी) असेल तर तेवढं चालतं, पण कॉम्प्रेशनने अक्षरांभोवती जो धुरकटपणा येतो तो जात नाही. व्हिजिटिंग कार्डाचा फोटो आला तर त्यातला मजकूर नव्याने लावा, फोटो चिकटवू नका.

याच फाइलवरून फ्लेक्सही करायचा असेल तर उलट हिशेब. १० × २० फुटाच्या फ्लेक्सला ३०० पीपीआय कोणी मागत असेल तर देऊ नका. रस्त्यापलीकडून बघायचं असतं, पूर्ण आकाराला ३० ते ४० पीपीआय पुरे. ३० ला ७२०० × ३६०० पिक्सेल होतात, कोणत्याही मशीनवर उघडतात.

रावपुरा_रविवार

'जागा रिकामी सोडू नका' हा आग्रह राहिला. तो मंडळाचा असतो, डिझायनरचा नव्हे, पण दरवेळी डिझायनरच वाकतो. वाकू नका, मोजून दाखवा. ए५ वर तीन बाजूंना १२ मिमी समास आणि पाठीकडे १५ सोडून १०.५ पॉइंटात किती शब्द बसतात ते एका पानावर लावून दाखवा. मग समास ६ मिमी करून दाखवा. सेंटर पिनचं पुस्तक हातात धरणाऱ्याचे दोन्ही अंगठे त्या समासावरच असतात. हे प्रत्यक्ष छापून, घडी घालून, त्यांच्या हातात दिलं की समास टिकतो. पडद्यावर दाखवलं की जातो.

मांडवीकर

प्रूफ कोणत्या क्रमाने वाचायचं?

जोडाक्षर

आधी नावं आणि आकडे, देणगीदारांची यादी मूळ पावती-पुस्तकाशी ताडून. एकाने पावती वाचायची, दुसऱ्याने प्रूफ बघायचं. मग मथळे आणि मुखपृष्ठ, कारण मोठ्या अक्षरातली चूक सगळ्यात उशिरा दिसते. मग चालू मजकूर, मराठीला मराठी वाचणारा आणि गुजरातीला गुजराती वाचणारा, एकाच माणसाला दोन्ही नको. शेवटी घडी घातलेली पूर्ण डमी, पान क्रमांक आणि अनुक्रमणिका जुळवायला. सही प्रत्येक पानावर घ्या, तारीख आणि फाइलचं नाव लिहून. आणि सही झाल्यावर फाइलमध्ये एक काना जरी बदलला, तरी ते पान पुन्हा छापून पुन्हा सही.

घडी_आणि_पिन

डमी खऱ्याच कागदाची करा, १०० च्या जागी ७० ची झेरॉक्स नको. सरकणं आणि पाठीची जाडी त्यात कळत नाही.